मला काहीच दिसलं नाही

आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारे लोक शहाळी आणतात आणि सल्ले देतात. माझ्याकडे मात्र सगळे जण प्रश्न घेऊन आले, आणि तोही एकच. खुर्ची पुढे ओढायची, दाराकडे एकदा बघायचं, आवाज खाली आणायचा आणि विचारायचं, "गुरुजी, काय दिसलं हो?"

त्यांचं काही चुकलं नाही. माझं हृदय चार मिनिटं बंद पडलं होतं आणि मी आहे तीर्थपुरोहित. नाशिकला गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) तीस वर्षं लोकांचे दहावे करतो आहे. गेलेला माणूस कुठे जातो, वाटेत त्याला काय लागतं, त्याचा जीव कशात अडकतो, हे सांगणं माझं रोजचं काम. एखाद्या कंडक्टरनं तीस वर्षं एका गावाची तिकिटं फाडली आणि एक दिवस तो स्वतःच तिथं जाऊन आला, तर लोक विचारणारच.

मला काहीच दिसलं नाही. हे चार शब्द लिहायला मला सहा महिने लागले. माझ्यासारखं होऊन घरी आल्यावर ज्यांचं देवघराशी बिनसलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना दिसलं, त्यांनीही वाचावं. अशा एका माणसाची गोष्ट यात आहे, आणि खरं तर माझ्यापेक्षा ती त्याचीच जास्त आहे.

*

त्या दिवशी माझ्याकडे तीन दहावे होते. पहिला निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार घरातल्या आजींचा. पिंड मांडले, शेजारी आजींच्या आवडीचं वाढलं आणि सगळे बाजूला झालो. कावळा शिवला की गेलेल्याची काही इच्छा उरली नाही असं समजतात. नाही शिवला तर घरचे हात जोडून वचनं देतात: धाकटीचं लग्न लावू, बांधाचं भांडण मिटवू. तरीही नाही आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा. शास्त्रात तशी सोय आहे. त्या सोयीचा मी फार सढळ हातानं उपयोग करत असे. पाच मिनिटं झाली की माझा हात आपसूक दर्भाकडे जायचा.

त्या दिवशीही गेला. आजींची नात म्हणाली, "थांबा ना गुरुजी, येईल की अजून."

"पुढचे लोक खोळंबलेत," मी म्हणालो आणि दर्भाला गाठ मारली.

गाठ मारतानाच जबडा दुखायला लागला. मग घाम, मग डाव्या हातावर कुणी बादली अडकवल्यासारखं ओझं. आदल्या संध्याकाळी मिसळ खाल्ली होती, मी सगळा आळ तिच्यावर घेतला. लिंबू-सोडा मागवला. पायऱ्यांवर टेकून दुसऱ्या दहाव्याची तयारी सांगू लागलो. एवढा एक सल्ला या लिखाणात देतो, बाकी देणार नाही: जबडा दुखून घाम सुटला तर मिसळीवर आळ घेत बसू नका.

निफाडच्या त्या मंडळींनीच मला उचललं आणि द्राक्षाचे क्रेट वाहायच्या पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. आजीच्या दहाव्याला आलेली माणसं गुरुजीला घेऊन चालली. जिला मी थांबू दिलं नव्हतं, त्या नातीच्याच मांडीवर माझं डोकं होतं. दवाखान्यात कुणीतरी माझं वय विचारलं. छप्पन्न म्हणायचं होतं. 'छप्' म्हटल्याचं आठवतं, पुढचं 'पन्न' आठवत नाही.

त्यानंतर थेट छातीत भयंकर दुखत होतं आणि एक बाई माझ्या नावानं हाका मारत होती. मध्ये काहीच नाही. अंधारही नाही. अंधार दिसायलासुद्धा कुणीतरी लागतं.

*

माझ्या नसण्याच्या त्या काळात गंगेवर काय झालं, ते मला नंतर कळलं. डॉक्टर माझ्या छातीवर दाब देत असताना निफाडच्या एका मामांनी दारातून पाहिलं आणि माझ्या थोरल्या भावाला फोन लावला, "दादा, गुरुजी गेले." त्या क्षणी ते बरोबरच होतं.

दुसऱ्या कुठल्या घरात लोक रडले असते, दवाखान्याकडे धावले असते. आमचं घर पुरोहितांचं. दादानं फोन ठेवला, तसाच अंगावरच्या कपड्यांनिशी रामकुंडात उतरला आणि माझ्या नावानं आंघोळ केली. हाकेच्या अंतरावर दोन चुलतभाऊ होते, त्यांनाही उतरवलं. तिघं निथळत वर येतात तोच दुसरा फोन आला, हृदय पुन्हा चालू झालंय म्हणून.

मग वाद सुरू झाला. मेला म्हणून ज्याचं स्नान केलं तो परत आला तर करायचं काय? दादा म्हणाला, शास्त्रात आहे, अशा माणसाला तुपानं न्हाऊ घालायचं, मग जन्मलेल्या पोरासारखं जातकर्म, बारसं, सगळं पुन्हा. अतिदक्षता विभागाच्या बाहेर उभं राहून ही चर्चा चालली होती. माझ्या बायकोनं, सुनंदानं, सकाळपासून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. ती म्हणाली, "डॉक्टरांनी तूप बंद केलंय. आणि बारसं करायचं तर खुशाल करा भावजी. नाव तेच ठेवा, स्वभाव तेवढा बदलून द्या." एवढं बोलून ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडली.

*

अतिदक्षता विभागात दिवस आणि रात्र यांत फरक नसतो. मशीन टिकटिकत असतं आणि आपण ते ऐकत राहतो, थांबेल या भीतीनं. मला झोपेची भीती वाटायची. डोळे मिटले की पुन्हा ते मधलं कोरं येईल, आणि कळणारसुद्धा नाही की आलं आहे. सिस्टरला मी लहान मुलासारखं सांगायचो, "मी झोपलो तर अधूनमधून हलवा." खोकला आला की बरगड्या तडतडायच्या. तिनं एक उशी दिली. ती छातीशी घट्ट धरून खोकायचं. आजारपणातल्या छोट्या छोट्या उपकारांत त्या उशीचा नंबर पहिला.

शेजारच्या खाटेवर पडद्याआड एकनाथराव होते. मूळचे येवल्याकडचे, सातपूरच्या कारखान्यात सगळी हयात यंत्रावर काढलेले, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांचंही हृदय माझ्यासारखंच बंद पडून चालू झालं होतं, माझ्या आदल्या दिवशी. घशातली नळी काढल्यावर ते पहिल्यांदा बोलले तेव्हा मी जागा होतो. घोगऱ्या आवाजात सिस्टरला त्यांनी विचारलं, "सुमन जेवली का?"

सुमन म्हणजे त्यांची बायको. सिस्टर बाहेर बघून आली. बाई कालपासून पाण्यावर होती. सुनंदानं आपला डबा उघडून तिला बसवून पोळी-भाजी खायला लावली. तिथून त्या दोघींची मैत्री जुळली.

*

आम्हाला एकाच दिवशी वॉर्डात हलवलं. तिथं एका दुपारी एकनाथराव आपणहून बोलायला लागले.

"गुरुजी, तुमाला म्हणून सांगतो. पोराला सांगितलं तर म्हणंल, गोळ्यांचा परिणाम हाय."

"सांगा."

"कारखान्याचं गेट होतं. पहिली शिफ्ट सुटलेली अन् समदे बाहेर पडत्यात. ऊन असं, की लख्ख, पर डोळ्याला लागत नाय. गेटाभायेर माझा बाप हुभा. ना औत, ना दावं, नुसता हात मागं बांधून हुभा. बापाला मी कधी रिकाम्या हातानं पाह्यलंच नव्हतं, गुरुजी. मला म्हणला, 'तू आत्ताच कसा?' तवर वाचमननं कार्ड बघितलं अन् म्हणला, तुझी शिफ्ट बाकी हाय, फीर माघारी. लय राग आला. परत यायचंच नव्हतं मला."

मी ऐकत होतो आणि मला हेवा वाटत होता. उघड सांगतो, हेवा. हा माणूस जन्मात देवळाची पायरी चढला नव्हता. बायको दर्शनाला आत जायची आणि हा बाहेर चपला राखायचा. त्याला गेट, ऊन, बाप, सगळं. आणि ज्यानं तीस वर्षं लोकांना वैतरणीपासून वैकुंठापर्यंतची वाट पाठ म्हणून दाखवली, त्याला एक साधा वाचमनसुद्धा भेटू नये?

"तुमाला काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना मी तोवर "सांगण्यासारखं नाही" असं गूढ हसून सांगत होतो. लोकांना ते फार आवडायचं. एकनाथरावांपुढे मात्र हसता आलं नाही. "काहीच नाही," मी म्हणालो.

ते कोपरावर रेलून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मंग माझा दहावा तुमीच करायचा. तुमाला काय दिसलं नाय, अन् तुमी तसं सांगितलं. म्हंजे तुमी थापा मारणार नाय."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक हाय. तिथं मला सुमनची याद आली नाय. येकदाबी नाय. चाळीस वर्सं संसार केला. तिनं इचारलं तर काय सांगू? जित्यापणी माझ्यानं व्हायचं नाय. मी गेल्यावर तिनं तुमाला इचारलं, तर खरं सांगा."

मी हो म्हटलं. आजाऱ्याला हो म्हणायला काय जातं?

*

घरी सोडायच्या आधी मी डॉक्टरांना गाठलं. "मी मेलो होतो का?"

"हृदय थांबलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही थांबला होता का, ते मला नाही सांगता यायचं."

"मग मला काही दिसलं कसं नाही?"

"आठवत नाही एवढंच तुम्ही म्हणू शकता. काल रात्री स्वप्न पडलं होतं?"

"आठवत नाही."

"मग पडलं नव्हतं का?" असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. उलटतपासणीचा हा प्रकार माझ्या कामातला, आणि डॉक्टरांनी तो माझ्यावरच उलटवला. वर्षानुवर्षं मीच लोकांना म्हणत आलो होतो, दिसत नाही म्हणजे नसतं असं थोडंच आहे!

ते वाक्य मला पुरलं नाही. घरी आल्यावर पहिल्या सकाळी संध्येला बसलो, आचमन केलं आणि पुढचं तोंडातून फुटेना. पाठ होतं सगळं, मुंजीपासून एक दिवस चुकला नव्हता. पण दुकानदारानं आयुष्यभर गोदामाच्या भरवशावर माल विकावा आणि एकदा दार उघडून बघावं तर आत नुसत्या भिंती, तसं झालं होतं माझं. दुसऱ्या दिवशी बसलोच नाही. तिसऱ्या दिवशी सुनंदानं पळी-भांडं घासून फडताळात ठेवून दिलं, आदळून.

"देव आहे की नाही ते तुम्ही आणि तो बघून घ्या," ती म्हणाली. "पण तुमचा आवाज घरात नसला की मला पुन्हा त्या काचेच्या दाराबाहेर बसल्यासारखं वाटतं." ती रोज पहाटे उठून माझ्या नाकाशी हात धरून बघत होती, हेही मला तेव्हाच कळलं. मी माझ्या कोऱ्या चार मिनिटांना कुरवाळत बसलो होतो आणि ती चार मिनिटं प्रत्यक्षात जगली होती सुनंदा. मला लाज वाटली. तरी संध्या होईना ती होईनाच.

गंगेवरही मी गेलो नाही. अंगात ताकद आली, जिने चढू लागलो, तरी आज जातो उद्या जातो चाललं होतं. दादा समजवायला आला.

"तू काय पाहिलंस ते कुणी विचारलंय तुला? विधी कर आणि घरी ये. आचारी जेवला नाही म्हणून पंगत उपाशी राहते का?"

"पण लोक मला विचारतात, दादा. पूर्वी मी सांगायचो. आता काय सांगू? खरं सांगितलं तर त्यांचा आधार जातो, आणि खोटं सांगितलं तर माझा."

दादाकडे प्रत्येक प्रश्नाला श्लोक असतो. त्या दिवशी त्यानं नुसता चहा मागितला. चहा पिऊन तो गेला.

एकनाथराव मात्र दर आठवड्याला फोन करायचे. आता ते चपला बायकोकडे देऊन स्वतः देवळात जात होते. "गुरुजी, जपाला माळ कंची घेऊ?" असे प्रश्न. आमची अदलाबदल झाली होती. मी बिछान्यावर पडून त्यांना माळेचे प्रकार सांगायचो आणि फोन ठेवल्यावर हसायचो. त्या दिवसांतलं माझं हसणं बहुतेक तेवढंच.

चौथ्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. दुपारी जेवून आडवे झाले होते, उठलेच नाहीत. "बाबांनी सांगून ठेवलंय, दहाव्याला तुम्हीच पाहिजे."

*

सुनंदानं मला स्कूटरवर मागे बसवून गंगेवर आणलं. सोबत डबा घेतला होता. डॉक्टरांनी मला उपाशी राहायची बंदी केली आहे.

मंत्र आले. पाठ असलेली गोष्ट हाताला काम दिलं की येते, संध्येला नाही आली तरी. मुलानं पिंड मांडले, पत्रावळीवर त्यांच्या आवडीची शेवभाजी वाढली. आम्ही बाजूला झालो. कावळे होते, पलीकडच्या कठड्यावर ओळीनं बसलेले. एकही हलेना. मुलानं वचनं दिली: आईला सांभाळीन, गावच्या घराची डागडुजी करीन. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पलीकडे दादाचं दुसऱ्या यजमानाकडे काम चालू होतं, त्यानं तिथूनच मला दर्भाची खूण केली. मी दर्भाला हात लावला नाही.

सुमनताई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, यांनी मला समदं सांगितलं व्हतं. गेट, मामंजी, ऊन. येक मात्र सांगितलं नाय. मी इचारलं की तिसरीकडंच बघायचे. तिथं त्यांना माझी याद आली व्हती का?"

तीस वर्षांची सवय जिभेवर तयार होती. 'अहो, शेवटपर्यंत तुमचंच नाव होतं.' एवढं म्हटलं की बाई रडल्या असत्या, निवल्या असत्या, आणि मी पुन्हा पूर्वीचा गुरुजी झालो असतो. मला दरदरून घाम फुटला. सुनंदानं लांबून पाहिलं आणि अर्धी उठली.

"नाही, ताई," मी म्हणालो. "तिथं नाही आली. त्यांनीच मला सांगितलं, आणि तुम्ही विचारलं तर खरं सांगा म्हणाले. मला स्वतःला तिथलं काही माहीत नाही. मला काहीच दिसलं नव्हतं. पण इथलं माहीत आहे. नळी काढल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं. बाप दिसला असं नाही म्हणाले. देव दिसला असं नाही म्हणाले. 'सुमन जेवली का,' असं विचारलं."

सुमनताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी काय करून बसलो, असं मला झालं.

"नाय आली ना याद?" शेवटी त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई. चाळीस वर्सं त्या माणसाला दुसरं काय येतच नव्हतं. मी जेवले का, पोरगा पोचला का, गॅस बंद केला का. तिथं तरी सुटला म्हणायचा त्यातनं." मग त्या पिंडांकडे वळल्या आणि घरात बोलावं तसं बोलल्या, "अहो, जेवते मी येळेवर. जावा आता."

कावळा लगेच झेपावला असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती. तो आणखी वीस मिनिटांनी आला. तेवढा वेळ मी त्या कठड्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं मी घड्याळ पाहिलं, दर्भ पाहिला, पुढचे यजमान पाहिले, कावळा कधी पाहिलाच नव्हता. तो मान कशी वाकडी करतो, दोन उड्या पुढे आणि एक मागे कशी घेतो, आणि त्याच्यावर नजर लावून एवढी माणसं श्वास कसा रोखून धरतात. निफाडच्या त्या नातीला एवढंच हवं होतं. त्यानं आधी शेव उचलली, मग पिंडाला चोच लावली. भुकेनं आला की सांगण्यावरून, मला माहीत नाही. आता कुणी विचारलं तर मी असंच सांगतो, आणि तरीही लोक माझ्याकडे येतात, याचं मला रोज नवल वाटतं. संध्येला मी पुन्हा बसू लागलो आहे. उत्तर मिळालं म्हणून नाही. सुनंदाला आवाज हवा असतो आणि माझ्या तोंडून पुढचं कसं फुटतं ते ऐकायची मलाही उत्सुकता असते.

त्या दिवशी सगळं आवरल्यावर सुनंदानं डबा उघडला. "सुमनताई, आधी चार घास खाऊन घ्या."

"इथं? दहाव्याच्या जागी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालतं का, गुरुजी?"

"चालतं," मी म्हणालो.

सुमनताईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि पायरीवर जेवायला बसल्या.